काळा पडलेला बोर्ड: आधी कोळसा काढा, मग तार जोडा

प्रश्न थोडक्यात असा. पन्नास वॅटचा व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) गिटार अॅम्प आहे, शेवटच्या टप्प्यात दोन ईएल ३४ व्हॉल्व्ह. कार्यक्रम रंगात असताना आवाज अचानक गेला, मागच्या जाळीतून निळी ठिणगी दिसली, जळका वास आला आणि फ्यूज उडाला. जवळच्या दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिलं तर एका व्हॉल्व्हच्या बेसखाली (व्हॉल्व्ह खोवायच्या सॉकेटखाली) बोर्ड काळा पडलेला आणि एक ट्रॅक, म्हणजे बोर्डावरची तांब्याची पट्टी, तुटलेला. त्याने ट्रॅकवर तार मारली, फ्यूज बदलला, अॅम्प चालू झाला. वीस मिनिटांनी पुन्हा तोच प्रकार. आता काळा डाग रुपयाच्या नाण्याएवढा झालाय आणि दोन पॅड (पिना सोल्डर करायच्या तांब्याच्या चकत्या) उचलले गेलेत. नवा बोर्ड मिळत नाही. हा वाचेल का, आणि घरी सोल्डरिंग आयर्न आणि मीटर आहे तेवढ्यावर स्वतः करता येईल का?

बोर्ड वाचेल. असे बोर्ड मी गेली अनेक वर्षं दुरुस्त करतोय, आणि जळून भोक पडलेले बोर्डही परत उभे राहिले आहेत. स्वतः करता येईल का, हे मात्र एका गोष्टीवर ठरतं. चारशे-साडेचारशे व्होल्ट डीसीवर याआधी कधी काम केलं नसेल, तर खाली सांगितलेली, अॅम्पला पॉवर देण्याची पायरी कुणा जाणत्या माणसासमोरच करा. साफसफाई आणि जोडणी तुम्हाला नक्की जमेल, कारण त्याला कौशल्यापेक्षा चिकाटी जास्त लागते.

पहिली दुरुस्ती का टिकली नाही ते आधी समजून घ्या. आपण बोर्ड म्हणतो तो साधारण १.६ मिलिमीटर जाडीचा असतो: काचेच्या धाग्यांचं कापड आणि त्यात मुरवलेलं इपॉक्सी. त्यावर तांब्याचा थर जेमतेम ३५ मायक्रॉनचा. ठिणगी पडली की तांबं उडून जातं, ते डोळ्यांना दिसतं, म्हणून सगळे तिकडेच धावतात. खरी गडबड इपॉक्सीत झालेली असते. ते जळून त्याचा कोळसा होतो आणि कोळसा म्हणजे कार्बन. व्हॉल्यूमचा पॉट कधी उघडला असेल तर आतला काळा पट्टा आठवा. तोही कार्बनच. म्हणजे तुमच्या बोर्डावर आत्ता, कुणीही न लावलेला एक रेझिस्टन्स बसलाय, आणि तो बसलाय थेट व्हॉल्व्हची प्लेट (जिच्यावर मोठा व्होल्टेज असतो) आणि फिलामेंट (व्हॉल्व्ह तापवणारी तार) यांच्या मध्ये. त्यातून करंट वाहतो, तो तापतो, तापला की शेजारचं आणखी इपॉक्सी जळतं, कोळसा वाढतो, करंट वाढतो. शेवटी पुन्हा ठिणगी. वीस मिनिटं लागली ती यासाठीच.

हे मीटरवर का दिसलं नाही? कारण साधा मल्टिमीटर ओमच्या रेंजवर एखाद-दोन व्होल्ट देऊन मोजतो. तेवढ्याशा व्होल्टला अर्धवट जळालेला बोर्ड अगदी निर्दोष दिसतो. साडेचारशे व्होल्टला तोच बोर्ड वाट करून देतो. मी ही चूक सुरुवातीच्या काळात स्वतः केली आहे. एका बेस गिटार वाजवणाऱ्याचा अॅम्प होता, डाग करंगळीच्या नखाएवढा. मीटर ओपन दाखवत होता, म्हणून मी डाग पुसून घेतला, वरून तार मारली आणि अॅम्प दिला. तिसऱ्या दिवशी तो परत आला तेव्हा आउटपुट ट्रान्सफॉर्मरचं, म्हणजे व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्या मधल्या ट्रान्सफॉर्मरचं, एक वाइंडिंग गेलेलं होतं. ते मी माझ्या खर्चाने गुंडाळून दिलं. त्या माणसाचा सीझनमधला एक कार्यक्रम बुडाला, तो मात्र भरून देता आला नाही. तेव्हापासून काळा डाग दिसला की मी आयर्न बाजूला ठेवतो आणि आधी पातं हातात घेतो.

आता हे मुळात झालं कशामुळे? ईएल ३४च्या बेसवर खालून बघितलं की खाचेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पिना मोजतात. दोन नंबर फिलामेंट, तीन नंबर प्लेट. फिलामेंट जवळपास अर्थच्या पातळीवर, प्लेटवर साडेचारशे व्होल्ट, आणि दोन्ही शेजारी शेजारी. पिनांच्या मध्यांत अंतर साडेसहा मिलिमीटरच्या आसपास. पॅडची रुंदी वजा केली की मोकळी जागा तीन-चार मिलिमीटरच उरते. अॅम्प पूर्ण जोरात वाजत असताना प्लेटचा व्होल्टेज एचटीच्या (प्लेटला पुरवल्या जाणाऱ्या मुख्य डीसी व्होल्टेजच्या) जवळजवळ दुप्पट वर जातो, म्हणजे आठशेच्या पुढे. एवढं सगळं नीट चाललेलं असताना. त्यातच स्पीकरची वायर सुटली तर ट्रान्सफॉर्मरमधल्या ऊर्जेला बाहेर जायला वाट राहत नाही आणि प्लेटवर हजारो व्होल्टचे झटके येतात. मग ठिणगी सगळ्यात जवळच्या जागी, म्हणजे तीन आणि दोनच्या मध्ये पडते. तुमच्या वर्णनात "आवाज अचानक गेला" हे आधी आहे आणि ठिणगी नंतर. तेव्हा माझा पहिला संशय स्पीकरच्या केबलवर आणि जॅकवर आहे. ती केबल आधी तपासा. हलवून बघा, प्लग उघडून आतला सोल्डरचा जोड बघा. आणि ती गिटारची शिल्डेड केबल असेल तर ती पुन्हा कधीही स्पीकरला लावू नका. तिथे जाड दोन तारांची स्पीकर केबलच हवी.

दुसरी शक्यता ओल आणि घाण. पावसाळ्यात कोकणात किंवा गोव्यात वाजवून आलेला अॅम्प, बेसवर साचलेली धूळ, झुरळांची विष्ठा, क्वचित पालीने केलेला शॉर्ट, हे सगळं मी पाहिलंय. ओली धूळ दोन आणि तीनच्या मध्ये पूल बांधते आणि बाकीचं काम प्लेटचा व्होल्टेज करतो.

कामाला लागण्याआधी कंडेन्सर रिकामे करा. प्लग काढला, अॅम्प रात्रभर पडून होता, तरी करा. साडेचारशे व्होल्टवर भरलेल्या १०० मायक्रोफॅरडमध्ये दहा ज्यूल ऊर्जा असते. ती छातीतून गेली तर जीव जाऊ शकतो. १० किलोओम, १० वॅटचा रेझिस्टन्स घ्या, दोन्ही टोकांना चांगल्या इन्सुलेशनच्या वायरी लावा, एक टोक चासीला (अॅम्पच्या पत्र्याच्या सांगाड्याला) क्लिपने धरा, दुसरं प्रत्येक मोठ्या फिल्टर कंडेन्सरच्या पॉझिटिव्हला दहा-दहा सेकंद लावून ठेवा. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करू नका. मग मीटर डीसीवर ठेवून प्रत्येक कंडेन्सरवर खात्री करा. स्टँडबाय स्विचच्या अलीकडचे आणि पलीकडचे कंडेन्सर वेगळे पडलेले असतात, त्यामुळे एकावर शून्य दिसलं म्हणून सगळे रिकामे असं समजू नका. थोड्या वेळाने पुन्हा मोजा. मोठे कंडेन्सर स्वतःहून काही व्होल्ट परत धरतात.

फोटो काढा, भरपूर. प्रत्येक वायरीला चिकटपट्टी लावून नंबर द्या. बोर्ड बाहेर काढेपर्यंत आयर्न तापवायचाही नाही.

बोर्ड हातात आल्यावर लगेच डागावर तुटून पडू नका. जळण्याची वाट कुठून कुठे गेली ते वाचा. फिलामेंटच्या दोन तारांवरून अर्थला जाणारे १०० ओमचे दोन रेझिस्टन्स बहुतेक अॅम्पमध्ये असतात. प्लेटचा करंट फिलामेंटमध्ये घुसला तर तो याच वाटेने अर्थला पोचतो, आणि या दोघांपैकी एक तरी काळा पडतो किंवा फुटतो. तुमच्याकडे तसं दिसलं तर तीन-दोनची ठिणगी पक्की. सुरुवातीच्या टप्प्यातल्या छोट्या व्हॉल्व्हची फिलामेंट तिथूनच डीसी करून घेतली असेल तर ते डीसी करणारा रेक्टिफायरही तपासा. स्क्रीनचे, म्हणजे चार नंबरच्या पिनेचे, रेझिस्टन्स मोजा. असल्या अॅम्पमध्ये बहुधा १ किलोओम, पाच वॅटचे असतात. तेच जळालेले दिसले आणि दोन-तीनच्या मध्ये काहीच नसेल, तर गोष्ट वेगळी आहे: व्हॉल्व्ह आतून शॉर्ट झाला होता आणि बोर्ड केवळ रेझिस्टन्सच्या उष्णतेने भाजला. हा फरक कळणं महत्त्वाचं, कारण दुसऱ्या प्रकारात व्हॉल्व्ह आणि बायस (व्हॉल्व्हचा करंट आटोक्यात ठेवणारा निगेटिव्ह व्होल्टेज) बघितल्याशिवाय बोर्ड कितीही सुंदर केला तरी तो पुन्हा भाजेल.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर आत्ताच तपासून घ्या. तो गेला असेल तर बोर्डावर दोन दिवस घालवायचे की नाही ते आधी ठरवता येईल. सगळ्या तारा सोडवा. मधल्या टॅपपासून दोन्ही प्लेटच्या तारांपर्यंतचा रेझिस्टन्स मोजा. दोन्ही बाजू अगदी सारख्या येत नाहीत, ३२ आणि ३७ ओम असा फरक चालतो. एक बाजू निम्मी किंवा ओपन आली तर मामला संपला. मग एखाद्या छोट्या ट्रान्सफॉर्मरचे ६.३ व्होल्ट एसी पूर्ण प्रायमरीवर, म्हणजे प्लेट ते प्लेट द्या आणि आठ ओमच्या तारांवर काय येतं ते बघा. प्रायमरी ३.४ किलोओमच्या आसपासची असेल तर वेढ्यांचं प्रमाण वीस-एकवीस येतं, म्हणजे तिथे सुमारे ०.३ व्होल्ट दिसायला हवेत. त्यापेक्षा बरंच कमी दिसलं, किंवा तुमचे ६.३ व्होल्टच खाली बसले, तर आत वेढे शॉर्ट आहेत.

आता मुख्य काम. जळालेला बेस काढायचा आहे. इथे एक नियम पाळा: बोर्ड वाचवा, सुटे भाग वाचवू नका. बेसच्या आठही पिना एकदम सुटतील या आशेने हिसका दिला की उरलेले पॅडही हातात येतात. बेस छोट्या निपरने तुकडे करून तोडा आणि एकेक पिन वेगळी तापवून काढा. पिनेचा मूळ जोड शिसेविरहित सोल्डरचा असेल तर तो वितळायला सुमारे २२० अंश लागतात आणि तो चिवट असतो. त्यावर आधी आपलं ६३/३७चं सोल्डर थोडं चढवा. ते १८३ अंशाला वितळतं, दोन्ही मिसळले की जोड सहज सुटतो. फ्लक्स सढळ हाताने वापरा, मग सकर (वितळलेलं सोल्डर ओढणारी पिचकारी) किंवा विक (सोल्डर टिपणारी तांब्याची वेणी). बिट साडेतीनशे अंशाला, आणि एका जागी तीन-चार सेकंदांहून जास्त नाही. नाही सुटलं तर थांबा, गार होऊ द्या, पुन्हा या.

तो काढलेला बेस आणि त्यातला व्हॉल्व्ह दोन्ही कचऱ्यात टाका. व्हॉल्व्हचं मन मोडवत नाही, माहीत आहे. पण त्याचा खालचा तपकिरी बेकेलाइटचा भाग दोन आणि तीनच्या मध्ये नीट बघा. बारीक केसासारखी काळी रेघ दिसली तर तोही आता कार्बनचा पूल झालाय. नवीन बेसमध्ये तो खोवला तर नवा बेस जाळेल. ही रेघ बघायची राहून जाते आणि दोष मात्र बोर्डाच्या दुरुस्तीला लागतो.

मग डाग कोरायचा. खाली ओलं फडकं अंथरा आणि तोंडाला चांगला मास्क लावा. काचेच्या धाग्यांची धूळ फुप्फुसात जाता कामा नये. सर्जिकलचं पातं, बारीक अर्धगोल कानस, आणि असेल तर मिनी ग्राइंडरला दातांच्या डॉक्टरांकडचा जुना बर, म्हणजे कोरायचं बारीक टोक. आधी वरची काजळी आयसोप्रोपिलने पुसा, म्हणजे खरा जळालेला भाग किती आहे ते कळेल. नंतर मधून कडेकडे कोरत या. काळा भाग जाईल, मग तपकिरी लागेल. तपकिरीवर थांबू नका, तोही अर्धा कोळसाच. पांढरट, धाग्यांची वीण दिसणारा, कोरडा बोर्ड लागेपर्यंत कोरा.

कुठे थांबायचं हे ओळखायची माझी पद्धत सांगतो. खोलीतला दिवा घालवा आणि बोर्डाच्या मागून मोबाइलची टॉर्च लावा. चांगला बोर्ड पिवळसर हिरव्या काचेसारखा उजळतो, वीण स्पष्ट दिसते. जळालेल्या जागी सावली पडते. पृष्ठभाग वरून स्वच्छ दिसत असतानाही आतल्या थरात बोटाच्या पेराएवढी ढगाळ सावली मी कित्येकदा पाहिली आहे. ती सावली म्हणजे आत शिरलेला कोळसा. तो सगळा भाग काढायचा. आरपार भोक पडलं तर पडू द्या. भोकाची भीती वाटते, पण हवा फार उत्तम इन्सुलेटर आहे, आणि हवेचा कोळसा होत नाही. रुपयाएवढा डाग असेल तर तुमच्याकडे भोक पडणारच, असं धरून चाला.

आणि ते भोक भरायचं का? सहसा नाही. बेसला आधार राहत नसेल तरच. पाच मिनिटांत घट्ट होणारं इपॉक्सी इथे वापरू नका, ईएल ३४च्या खालच्या उष्णतेत ते मऊ पडतं. सावकाश घट्ट होणारं घ्या, त्याला पूर्ण एक दिवस द्या, आणि शक्यतो कोऱ्या फायबर शीटचा तुकडा कापून तो फक्त कडांना चिकटवा.

आता मेगर, म्हणजे मोठा व्होल्टेज देऊन इन्सुलेशन मोजणारा मीटर. हे साधन तुमच्याकडे नसेल, पण तालुक्याच्या गावी जो कुणी मोटर वाइंडिंग करतो त्याच्याकडे असतंच. बोर्ड घेऊन जा, पाच मिनिटांचं काम आहे. ५०० व्होल्टच्या रेंजवर, कोरलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंच्या तांब्यांमध्ये मोजायचं. त्या दोन ट्रॅकना जोडलेले डायोड, आयसी, कंडेन्सर आधी सोडवलेले असले पाहिजेत, नाहीतर मेगर त्यांनाच मारेल. शंभर मेगओमच्या वर आणि काटा स्थिर, तर उत्तम. काटा आधी वर जाऊन हळूहळू खाली घसरत असेल तर कोळसा किंवा ओल शिल्लक आहे. ओल असेल तर बोर्ड साठ वॅटच्या बल्बखाली हातभर अंतरावर रात्रभर ठेवा आणि सकाळी पुन्हा मोजा. सकाळी आकडा सुधारला नाही तर तो कोळसा, पुन्हा पातं. याच फेरीत ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी ते चासी आणि प्रायमरी ते सेकंडरी, दोन्ही मेगरवर मोजून घ्या.

बोर्ड स्वच्छ निघाला की जोडणी सोपी. तुटलेला ट्रॅक तांब्यानेच पुन्हा रंगवायचा हट्ट करू नका. प्लेटचा आणि फिलामेंटचा ट्रॅक तर मी अशा दुरुस्तीत कायमचाच रद्द करतो. प्लेटच्या पॅडभोवतीचं सगळं तांबं कोरून टाकतो, बोर्डाचं भोक मोठं करतो, इतकं की नव्या बेसची तीन नंबरची पिन बोर्डाला कुठेही शिवत नाही, हवेत लटकते. ट्रान्सफॉर्मरची तार थेट त्या पिनेवर. एवढं केलं की ज्या व्होल्टेजने बोर्ड जाळला तो व्होल्टेज बोर्डावर येतच नाही. चासीत जागा असेल तर याहून चांगला उपाय म्हणजे चिनी मातीचा बेस चासीवर स्क्रूने बसवून आठही पिनांना वायरीने बोर्डाशी जोडणं. त्याने व्हॉल्व्ह काढता-घालतानाचा जोरही बोर्डावर येत नाही.

वायर टेफ्लॉनची घ्या, ६०० व्होल्टची. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मीटरवर मिळते, चिनी मातीचे बेसही तिथे शोधले तर सापडतात. फिलामेंटला जाड वायर लागते: दोन ईएल ३४ दीड-दीड अँपिअर घेतात, तीन छोटे ईसीसी ८३ व्हॉल्व्ह प्रत्येकी ०.३, म्हणजे जवळजवळ चार अँपिअर. २० गेजची दोन तारांची जोडी पीळ घालून चासीच्या कोपऱ्यातून न्या, म्हणजे गुणगुण येणार नाही. ग्रिडची, म्हणजे सिग्नल येणाऱ्या पाच नंबरच्या पिनेची, तार आखूड ठेवा आणि प्लेटच्या तारेपासून लांब.

बाकी उचललेले पॅड, जिथे व्होल्टेज कमी आहे, तिथे ट्रॅकवरचं हिरवं आवरण पात्याने पाच-सहा मिलिमीटर खरवडा, तांबं चकचकीत होईपर्यंत. त्यावर सोल्डरचा पातळ थर द्या आणि सुट्या भागाचा पाय वाकवून त्या लांबीवर आडवा झोपवून सोल्डर करा. नुसत्या टोकाला टिपका ठेवला तर तो अॅम्पच्या थरथराटाने सहा महिन्यांत सुटतो. काम झाल्यावर फ्लक्स आयसोप्रोपिलने धुऊन काढा. नेलपॉलिश लावू नका, ती पेटते.

इथे एक विषयांतर करतो, कारण हा प्रश्न मला सतत विचारला जातो: हाताने वायरिंग केलेले अॅम्पच चांगले, बोर्डवाले वाईट, हे खरं का? लिओ फेंडरच्या पन्नाशीतल्या अॅम्पमध्ये फायबरची पट्टी आणि त्यावर पितळी रिव्हेट असायचे. लंडनला १९६२ साली जिम मार्शलच्या दुकानात पहिला अॅम्प तयार झाला, तोही हातानेच जोडलेला. छापील बोर्ड गिटार अॅम्पमध्ये सर्रास झाले ते सत्तरच्या दशकात आणि नंतर. माझ्या टेबलावर दोन्ही येतात. जुन्या फायबरच्या पट्ट्या ओल धरतात आणि नुसत्या पट्टीवर मीटर टेकवला तरी व्होल्ट दाखवतात, हेही पाहिलंय. छापील बोर्ड वाईट नसतो. त्याच्यावर तापणारा व्हॉल्व्ह थेट बसवणं वाईट. म्हणून तुमचा अॅम्प दुरुस्तीनंतर मूळपेक्षा दणकट होईल, असं मी खात्रीने सांगतो.

पॉवर देताना सिरीज बोर्ड वापरा, म्हणजे मेन आणि अॅम्पच्या मध्ये एक बल्ब: १०० वॅटचा तारेचा, एलईडी चालणार नाही. पहिल्यांदा एकही व्हॉल्व्ह न लावता. बल्ब क्षणभर उजळून मंद व्हायला हवा. पूर्ण पेटून राहिला तर बंद करा, कुठेतरी शॉर्ट आहे. मंद झाला तर दोन्ही बेसवर मोजा: दोन आणि सातच्या मध्ये सहा-साडेसहा व्होल्ट एसी (बल्बमुळे थोडे कमी दिसतील), तीन आणि चारवर एचटी, आणि पाचवर बायसचा निगेटिव्ह व्होल्टेज, दोन्ही बेसवर सारखा, साधारण उणे पस्तीस ते पंचेचाळीसच्या टप्प्यात. पाचवर निगेटिव्ह दिसल्याशिवाय ईएल ३४ लावायचा नाही. एकाच बेसवर बायस नसेल तर तो व्हॉल्व्ह मिनिटभरात लाल होतो आणि तुमचा नवा स्क्रीन रेझिस्टन्स घेऊन जातो.

याच वेळी, खोलीत अंधार करून, कोरलेल्या जागेकडे पाच मिनिटं बघत बसा. हात खिशात. निळा ठिपका, चर्रर्र असा बारीक आवाज, ओझोनचा वास, यातलं काहीही नको.

मग छोटे व्हॉल्व्ह, मग ईएल ३४ची नवी जोडी, आणि स्पीकरच्या जागी आठ ओम, १०० वॅटचा रेझिस्टन्स. सगळं शांत असेल तर बल्ब काढा, कारण बल्बमधून बायस बसवता येत नाही, व्होल्टेज खाली असतो. ईएल ३४ची प्लेट २५ वॅट सहन करते. सत्तर टक्के धरले तर साडेसतरा. प्लेटवर ४५० असतील तर ३९ मिलिअँपिअर ही वरची मर्यादा. आपल्याकडचा मेन व्होल्टेज, विशेषतः जनरेटरवर, बराच वर जातो, म्हणून मी ३२ ते ३५वर थांबतो. आवाजात फरक पडत नाही, व्हॉल्व्ह जास्त जगतात.

तासभर रेझिस्टन्सवर चालवा, त्यातली शेवटची दहा मिनिटं व्हॉल्यूम पूर्ण ठेवून. बंद करा, कंडेन्सर पुन्हा रिकामे करा, आणि गरम असतानाच बोर्ड टॉर्चसमोर धरून बघा.

प्लेटपासून चासीपर्यंत प्रत्येकी तीन १एन४००७ डायोड एकापाठोपाठ लावायची एक जुनी रीत आहे, म्हणजे स्पीकर सुटला तरी प्लेटचा व्होल्टेज उलट्या बाजूने अर्थखाली जात नाही आणि झटका बराचसा कापला जातो. तुमच्या अॅम्पमध्ये ते आधीच असतील तर प्रत्येक डायोड सोडवून मोजा, ते शॉर्ट होऊन गेलेले बऱ्याचदा सापडतात. नसतील तर लावा. आणि स्पीकरचा जॅक नवाच घाला, जुना कितीही बरा दिसला तरी.

आत्ता लगेच एवढं करा: कंडेन्सर रिकामे करून ट्रान्सफॉर्मरचे दोन्ही अर्ध्यांचे ओम, ०.३ व्होल्टवाली चाचणी आणि मेगरचा आकडा, तिन्ही लिहून पाठवा, सोबत टॉर्चसमोर धरलेल्या बोर्डाचा फोटो. ट्रान्सफॉर्मर शाबूत असेल तर भोक किती मोठं करायचं ते मी फोटोवर रेघ मारून दाखवतो.